मागच्या भिंतीला चिकटवू नका

फ्रीज बंद पडला की सगळ्या बाजाराला एकच माणूस आठवायचा, तो म्हणजे थंडोबा. डोक्यानं तापट, पण धंदा गारव्याचा म्हणून नाव पडलं थंडोबा. बिघडलेल्या फ्रीजला कान लावून तो नुसता आवाज ऐकायचा आणि म्हणायचा, "कॉम्प्रेसर ठणठणीत आहे. बिघाड तुमच्या अकलेत आहे." गिऱ्हाईक हसून सोडून द्यायचं, कारण काम चोख. आणि निघताना प्रत्येकाला त्याचा एकच मंत्र असायचा, "मागच्या भिंतीला काही चिकटवून ठेवू नका. तिथं सगळ्यात जास्त गार असतं. माल गोठतो आणि मग माझ्या नावानं बोंब मारता."

तर हा मंत्र वाटत फिरणारा माणूस एका सकाळी स्वतःच्याच फ्रीजपुढे उभा होता. हातात बायकोच्या इंजेक्शनांचा खोका, आणि आतलं औषध गोठून दगड.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पाळणा काही हलला नव्हता. शेवटी बायकोनंच हात धरून त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दोघांच्या तपासण्या झाल्या. बाई सरळ बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "हिच्यात काही दोष नाही. तुमचे शुक्रजंतू कमी आहेत. आणि जे आहेत ते आळशी आहेत."

"आळशी? माझे?" थंडोबा खुर्चीतून उठायच्या बेतात. बायकोनं तोंडाला रुमाल लावला.

"घाबरू नका. आम्ही त्यातला एक धडधाकट निवडून बीजात सोडतो. त्यासाठी हिची बीजं जास्त पिकायला हवीत. म्हणून रोज संध्याकाळी एक इंजेक्शन, हिला."

"एकच लागतो ना?" थंडोबा लगेच खूश. "मग झालंच की काम!"

तेव्हापासून गडी बिनधास्त होता. होणार म्हणजे होणारच. पण एक गोष्ट त्याच्या घशाखाली उतरत नव्हती. दोष आपल्यात, हे चारचौघांत सांगायचं कसं? म्हणून त्यानं कुणालाच सांगितलं नाही. त्याची थोरली ताई औषधांच्या घाऊक दुकानात काउंटरवर होती. ती घरी आली की बायकोच्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, "अगं, तू एकदा कुणाला तरी दाखवून घे ना. माझ्या भावाचं वय निघून चाललंय." बायको म्हणायची, "बघते, ताई." आणि थंडोबाला नेमका त्याच वेळी डोक्यावरचा पंखा तपासावासा वाटायचा.

ताई गेली की बायको विचारायची, "झाला पंखा बघून? फिरतोय का नीट?"

तो स्कूटरची किल्ली शोधायला लागायचा.

औषध मधल्या कप्प्यात ठेवा, असं नर्सनं बजावून सांगितलं होतं. पण नर्सला काय कळतंय फ्रीजमधलं! आदल्या दिवशी बायको पार्लरमध्ये कामाला गेली आणि यानं घरचा फ्रीज ओढून पुढे घेतला. कॉइल झटकली, दाराचं रबर बदललं, बटण फिरवून पार शेवटाला नेलं. एवढं महागामोलाचं औषध, त्याला गारवा कमी पडायला नको. आणि येता-जाता कुणाचा धक्का लागू नये म्हणून, संध्याकाळचा डोस झाल्यावर खोका सरकवला आत, अगदी आत. मागच्या भिंतीला चिकटवून.

आता बायको त्या खोक्याकडे बघत होती.

"वितळेल की," थंडोबा म्हणाला. आवाज नेहमीपेक्षा बारीक.

बायकोनं फोन लावला आणि स्पीकर चालू केला. नर्स म्हणाली, "गोठलं म्हणजे संपलं. वितळवून अजिबात घ्यायचं नाही. आणि आजचा डोस चुकवू नका, नाहीतर आतापर्यंत वाढवलेली बीजं मागे पडतील. आमच्याकडचं औषध संपलंय, गाडी उद्या येणार. बाहेर कुठं मिळतंय का बघा."

"बघतो," थंडोबा म्हणाला.

"आणि हो, तुमचा फ्रीज एखाद्या चांगल्या कारागिराला दाखवून घ्या."

फोन बंद झाला. बायकोनं नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ऐकलंत? चांगला कारागीर कोण आहे का ओळखीचा?"

ती रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती रडली नाही. पर्स खांद्याला लावत म्हणाली, "ताईंच्या दुकानात असेल."

"आधी दुसरीकडे बघतो ना."

"बघा. पण संध्याकाळी मला डोस हवाय. कुणाकडून आणायचा ते तुमचं तुम्ही बघा."

थंडोबानं स्कूटरला किक मारली आणि दुपारपर्यंत औषधांची दुकानं पालथी घातली. सगळीकडे एकच उत्तर. "हे आम्ही ठेवत नाही. तुझ्या ताईकडे जा की, घरचंच दुकान!"

घरचंच होतं, तीच तर अडचण.

घाऊक दुकानात दुपारची गर्दी होती. माल न्यायला आलेले दुकानदार, खोके उचलणारे हमाल. ताईनं चष्मा नाकावर ओढून चिठ्ठी वाचली. वर बायकोचं नाव.

"अगंबाई! दाखवलंत तर शेवटी!" ताईचा चेहरा उजळला. "मी कधीची घसा कोरडा करतेय. तिच्यातच काहीतरी असणार, मला वाटलंच होतं. असू दे, होईल हो बरी."

आता नुसती मान हलवायची, औषध घ्यायचं आणि निघायचं. काम फत्ते. कुणाला कळलंही नसतं. थंडोबानं सवयीनं वर बघितलं. पण दुकानाला पंखा नव्हता. ताईच्या मागे काचेच्या दाराचा उंच फ्रीज होता, त्याच्याच देखभालीतला. आत औषधं मधल्या कप्प्यात शिस्तीत बसली होती आणि मागच्या भिंतीपासून बरोबर वीतभर लांब. ताईला हे शिकवलं होतं त्यानंच.

"ताई, तिच्यात काही नाही," तो म्हणाला. "दोष माझ्यात आहे."

कॉम्प्रेसरच्या घरघरीवर बोलून बोलून त्याचा आवाज झालेला नगाऱ्यासारखा. खोके उचलणारे हमालसुद्धा वळून बघायला लागले.

"काय म्हणालास?"

"माझे कमी आहेत. आणि आळशी आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या."

"मग सुया तिला का?"

"कारण सगळी मेहनत तिची. माझ्याकडे एकच काम होतं, औषध सांभाळायचं. ते मी गोठवलं."

"गोठवलं? तू?" ताईनं चष्मा काढला. "मागच्या भिंतीला लावलंस?"

थंडोबानं मान खाली घातली आणि दुकानात जो हशा पिकला तो विचारू नका. एक दुकानदार तर पोट धरून म्हणाला, "थंडोबा, याच कारणावरून तू मला माझ्या गिऱ्हाइकांसमोर झापलं होतंस!"

"झापलं होतं. आता तू झाप," थंडोबा म्हणाला. "पण नंतर. आधी औषध."

ताई हसली नव्हती. तिनं औषध काढलं, गारव्याच्या पिशवीत ठेवलं आणि बर्फाच्या पाकिटाला टेकू नये म्हणून मध्ये जाड पुठ्ठा घातला. मग हळूच म्हणाली, "इतकी वर्षं मी तिला बोलतेय. आणि तू तिथं बसून काय करत होतास?"

"पंखा बघत होतो."

"जा घरी. डोस होऊ दे, मग तुझ्याकडे बघते."

तो घरी पोचला तेव्हा बायको आलेली होती. फ्रीजचं बटण तिनं मधोमध आणून वर रुंद चिकटपट्टी लावून टाकली होती, चांगली दोन पदरी.

"ताईंचा फोन आला होता," ती म्हणाली.

"काय म्हणाली?"

"आधी तुम्ही पोचलात का विचारलं. मग म्हणाल्या, माझं चुकलं गं. मग तुम्हाला शिव्या घातल्या. मीही थोडा हातभार लावला."

"आणि तू? रागावलीस?"

"होते. दुपारपर्यंत." ती खुर्चीत बसली. "अख्ख्या दुकानासमोर बोललात म्हणे. आळशी हा शब्दसुद्धा?"

"तोसुद्धा."

ती पहिल्यांदा खळखळून हसली. रोज ती स्वतःच सुई टोचून घ्यायची आणि हा पंखा बघायचा. आज तो समोर गुडघ्यावर बसला. "मी देऊ?"

"फ्रीज झाला, आता मी राहिले होते!" असं म्हणाली खरी, पण इंजेक्शन त्याच्या हातात दिलं. पोटाची चिमूट तिनं धरली. थंडोबाचा हात जराही हलला नाही. बारीक नळीत गॅस भरणारा हात तो.

"लागलं?"

"नाही."

"बघ! आता काम होणारच. एकच तर लागतो."

"तोही आळशी."

"आळशी असेल, पण आपल्या घरातला आहे. शिव्या खाईल, पण पोचेल."

उरलेलं औषध त्यानं मधल्या कप्प्यात ठेवलं, मागं वीतभर जागा सोडून. दार लावता लावता नजर बटणाकडे गेली. किंचित, अगदी किंचित इकडे फिरवलं तर...

"अहो," मागून आवाज आला. "हात."

थंडोबानं हात खिशात घातला.