तबकातलं लायसन

खंडेनवमीला आमच्या धारच्या घरी पूजेत काय मांडतात ते पाहून नवा माणूस गोंधळतो. मधोमध एक जुना चाबूक असतो, कारण आमचे पणजोबा दरबारात बग्गी हाकायचे. त्याच्या शेजारी सुभद्रावहिनींची शिवणाची कात्री, माझी खडूंची पेटी आणि दादांचं बस चालवायचं लायसन. ज्यावर आपलं पोट चाललं, त्याला त्या दिवशी कुंकू लावायचं. मग दसऱ्याला सोनं वाटून होईपर्यंत तबकातल्या वस्तूला कोणी हात लावायचा नाही. पेटी तबकात असली की मी त्या दिवशी मुलांना पाटीवरसुद्धा काही लिहून देत नाही.

गेल्या वर्षी तबकात शिखाचं लायसनही आलं. शिखा म्हणजे दादांची, माझ्या थोरल्या भावाची, नात. देवासला आमच्या शेजारच्याच घरात वाढली. तिला छोटं विमान चालवायचा परवाना मिळाला होता. यंदा उड्डाणाचे दोनशे तास पुरे करून ती नोकरीसाठी लागणाऱ्या मोठ्या परवान्याची परीक्षाही पास झाली. शेवटचं उड्डाण झाल्यावर ती धारला पाया पडायला गेली, तेव्हा दादा म्हणाले, "आता काही दिवस उडायचं नाही ना? मग ते लायसन नवमीपर्यंत राहू दे माझ्यापाशी."

यंदा नवमीच्या सकाळी आम्ही दोघी देवासहून निघालो. बस इंदूरला पोचते न पोचते, तोच तिच्या तिथल्याच फ्लाइंग स्कूलमधून फोन आला. मोठ्या परवान्याची फाइल आज संध्याकाळी पाठवणार होते. जुनं लायसन आणि लॉगबुक, म्हणजे उड्डाणांच्या तासांची वही, पाचपर्यंत जमा करायचं, नाहीतर फाइल पुढच्या महिन्यात जाईल. आणि नोकरीची निवड-परीक्षा त्याआधीच होती.

"अक्का, लॉगबुक तर बॅगेत आहे," शिखा म्हणाली. मला घरात लहानथोर सगळे अक्काच म्हणतात. "पण लायसन आजोबांकडे. आणि आज नवमी."

आम्ही पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते आणि पूजा आटोपली होती. दादांनी लायसनवरच्या फोटोत शिखाच्या कपाळावर बरोबर मधोमध कुंकवाचं बोट टेकवलं होतं.

शिखाने सगळं सांगितलं. दादांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "उद्या सोनं वाटल्यावर घे."

"उद्या ऑफिस बंद आहे, आजोबा."

"मग परवा."

"फाइल आज जाणार आहे. समझो ना जरा."

"जुनं त्यांना कशाला हवंय? नवं देतायत तर द्यावं. तुझं तुझ्याकडे राहू दे."

"नवं आलं की जुनं रद्द होतं. दोन-दोन ठेवत नाहीत."

नियम पूजेचा होता, पण दादांचं अडलं होतं दुसरंच. मला ते ठाऊक होतं, शिखाला नव्हतं. म्हणून मी म्हटलं, "दादा, तिला धामनोदचं सांगा."

"ते कशाला आता?"

"सांगा तरी," वहिनी आतून म्हणाल्या. "मला हजारदा सांगून झालंय. तिला एकदा सांगा."

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते जीप चालवायचे. बससाठी मोठं लायसन हवं म्हणून जुनं आरटीओच्या खिडकीत जमा केलं. जुनं गेलं आणि नवं काही येईना. कागद कुठे अडकला कोणी सांगेना. अकरा महिने हातात काहीच नव्हतं. गाडी चालवता येत असूनही ते धामनोदच्या एका ढाब्यावर ट्रक धूत होते.

"मला येत होतं गं," दादा म्हणाले. "पण येतं हे दाखवायला कागद नव्हता. पुढची पायरी पायाला लागली नाही आणि मागची सोडून बसलो."

शिखा त्यांच्या शेजारी खाली बसली. तिने बॅगेतून लॉगबुक काढलं. लांबट, जाड वही, कोपरे मळलेले.

"हे बघा. पहिल्या दिवसापासूनचा एकेक तास यात आहे. हे ते तपासतात आणि मला परत देतात. आणि मोठ्या लायसनमध्ये छोटं धरलेलंच असतं. उद्या मला छोटं विमान उडवावंसं वाटलं, तर कोणी अडवणार नाही."

"परत देतात? नक्की?"

"पक्का."

दादांनी चष्मा लावला. इंग्रजी त्यांना अडखळत येतं, पण आकडे पक्के. ते बोट ठेवून एकेक ओळ पाहत गेले. एका तारखेवर थांबले.

"हा तर हिच्या मोतीबिंदूचा दिवस."

"त्याच दिवशी मी एकटी उडाले होते, मांडूच्या वरून. तुम्ही काळजी कराल म्हणून सांगितलं नाही."

"बरं केलंस," वहिनी म्हणाल्या. "डोळ्याला पट्टी आणि यांची बडबड, दोन्ही सोसलं नसतं."

दादा हसले. त्यांनी वही मिटली, कपाळाला लावली आणि थेट तबकात चाबकाशेजारी ठेवली. वर कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. "मग लायसन ने तू. हे राहील इथे."

शिखाने माझ्याकडे पाहिलं. मीही तिच्याकडे पाहिलं.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "आज ते पण लागणार आहे."

वहिनींना हसू आवरेना. "झालं. होतं एक अडकलेलं, आता दोन अडकली."

दादांनी मला विचारलं, "अक्का, यातून वाट काय?"

"गणपती दीड दिवसाचाही असतोच की," मी म्हटलं. "अक्षता वाहा, जरा हलवा, मग उचला."

दादांनी ओंजळीत अक्षता घेतल्या. लॉगबुकावर टाकल्या, वही बोटभर सरकवली आणि म्हणाले, "पुनरागमनाय च." वही त्यांनी शिखाच्या हातात दिली.

"म्हणजे काय, अक्का?" तिने कानात विचारलं.

"परत येण्यासाठी."

मग त्यांनी लायसन समोर घेतलं. फोटोतलं कुंकू धोतराच्या टोकाने पुसायला गेले आणि पुसता पुसता थांबले. तसंच राहू दिलं. त्यावरही अक्षता टाकल्या, बोटभर सरकवलं आणि तेच म्हणाले.

ते परत येणार नव्हतं. शिखाने माझ्याकडे पाहिलं, मी चूक सांगेन म्हणून. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, मुलांची चूक कधी तशीच जाऊ दिली नाही. पण मी तबकातल्या अक्षता सारख्या करत बसले.

"चल," मी म्हटलं, "बस चुकेल."