मंत्र्याच्या हातातला फोटो

बोरखडीच्या दवाखान्याला कुलूप आहे, हे गावातल्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक होतं. दुपारच्या सावलीला त्या त्याच्याच ओट्यावर बसायच्या. ठाऊक नव्हतं ते फक्त सरकारला. इमारत झाली, फीत कापली, पेढे वाटले आणि साहेबलोक गाड्यांत बसून तालुक्याला, सोनपेठला, गेले ते गेलेच. आत ना डॉक्टर, ना नर्स, ना साधा कापसाचा बोळा.

त्याच कुलपापुढून सुलाबाईची लेक संघप्रिया जीपमधून गेली. पहिलटकरीण, माहेरी बाळंतपणाला आलेली. अंगावरून रक्त जायला लागलं तशी तिच्या भावानं, सिद्धोधननं, शेजाऱ्याची जीप आणली. परभणी यायच्या आत ती गेली आणि पोटातलं बाळही गेलं. तिचं डोकं आईच्या मांडीवर होतं. परत येताना जीप पुन्हा त्या दवाखान्यापुढून आली, तेव्हा सुलाबाईनं कुलपाकडे बघून जी शिवी हासडली ती इथे लिहिण्यासारखी नाही.

मग खासदार दिनकरराव भेटायला आले. विरोधी पक्षाचे, म्हणजे सरकारवर तुटून पडणं हेच त्यांचं काम, आणि आवाजही त्याला साजेसा. इस्त्रीच्या कपड्यांची पर्वा न करता सतरंजीवर मांडी घालून बसले, जय भीम घातला आणि संघप्रियाचा फोटो बघताना त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. माणूस अगदीच ढोंगी नव्हता.

"माय, तुमी फक्त सांगा, मी काय करू?"

"तिथं दिल्लीत माझ्या लेकीचं नाव घ्या," सुलाबाई म्हणाली. "आन सरकारच्या तोंडून येवढंच वदवा, की चूक आमची हाय. मला पैसा नको, काई नको."

"लोकसभेत उभा राहून इचारतो. जिम्मा माझा."

सुलाबाईनं हात जोडले. दवाखाना बघायला मात्र खासदार थांबले नाहीत. पुढे कुणाचं तरी लग्न होतं आणि आधीच उशीर झाला होता. गाडी तिथून गेली तेव्हा काच खाली करून त्यांनी त्या इमारतीकडे बोट दाखवलं, एवढंच.

पण शब्दाला जागले. लोकसभेच्या यादीत प्रश्न लागला. खासदाराचा प्रश्न लागला की दिल्ली मुंबईला विचारते, मुंबई परभणीला विचारते, परभणी सोनपेठला, आणि एकेक पायरी खाली येताना साहेबांचा घाम वाढत जातो. एरवी कुणालाच न सापडणारी किल्ली एका सकाळी सापडली. मागोमाग टेम्पो आला. लोखंडी पलंग, गाद्या, हिरवे पडदे, औषधांची खोकी. एक तरुण डॉक्टर आणि त्याच्यामागे तालुक्याचे साहेब.

आणि गाव हरखलं. इथेच घात झाला. आमच्या गावांना एक खोड आहे, सरकारी माणूस दारात आला की त्याला पाहुणा समजायचं. बायांनी जळमटं काढली, फरशी धुतली, पोरींनी दारात रांगोळी काढली. चोर माल लपवायला आला आणि आम्ही त्याला हातभार लावला, असंच म्हणायचं ते.

सुलाबाई लांब उभी होती. तिला बोलवायला शिवकन्या धावत आली. ही गावची आशाताई, गरोदर बायांना गोळ्या पोचवणारी, तपासणीला नेणारी.

"काकू, चला. डाक्टर बीपी बघायलेत सगळ्यांचं."

"मला काय धाड भरलीय?"

"चला तर. तुमच्या संघप्रियामुळंच उघडलं न्हवं हे? तुमीच पयल्यांदा बसा."

त्या एका वाक्यानं सुलाबाई विरघळली. पोर गेली, पण तिच्या जाण्यानं कुलूप तरी निघालं. आता दुसऱ्या कुणाची पोर वाचेल. ती पलंगावर बसली. डॉक्टरनं दंडाला पट्टा बांधला, साहेबांच्या माणसानं मोबाईल समोर धरला.

"मावशी, जरा हसा की."

दारात आलेल्या माणसाचं मन कसं मोडायचं? सुलाबाई हसली. वर सगळ्यांना घरच्या दुधाचा चहा पाठवला.

डॉक्टर संध्याकाळी गेला. उद्या येतो म्हणाला. उद्या उजाडला, डॉक्टर काही उजाडला नाही. पण पलंग होते, पडदे होते, म्हणून गावानं दम धरला.

प्रश्नाच्या दिवशी सिद्धोधनच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. टीव्हीवर लोकसभा चालू होती. सुलाबाईला पुढे स्टुलावर बसवलं होतं.

दिनकरराव उठले. "अध्यक्ष महोदय, माझ्या परभणी जिल्ह्यात बोरखडी नावाचं गाव आहे. तिथली संघप्रिया नावाची लेक बंद दवाखान्यापुढून गेली आणि रस्त्यात मेली. त्या कुलपाची किल्ली कुणाच्या खिशात होती, एवढंच मंत्रिमहोदयांनी सांगावं!"

विरोधी बाकांवर कल्लोळ झाला. दुकानात पोरांनी शिट्ट्या मारल्या. सुलाबाईनं पदर तोंडात धरला. लेकीचं नाव तिनं दिल्लीतून ऐकलं. आता फक्त समोरच्यानं चूक म्हणायचं बाकी होतं.

मंत्री सावकाश उठले. चष्मा सारखा केला. राज्य सरकारकडून आलेल्या माहितीनुसार बोरखडीचा दवाखाना पूर्णपणे चालू आहे, असं म्हणाले. रुग्ण महिलेला नातेवाइकांनी तिथे दाखवलंच नाही, परस्पर लांब नेलं, ही फार दुर्दैवाची गोष्ट आहे, असंही म्हणाले. मग त्यांनी एक फोटो वर धरला.

"आणि ही त्या महिलेची आई. त्याच दवाखान्यात उपचार घेते आहे. बघा, आनंदात आहे."

सत्ताधारी बाकं थाडथाड वाजली. सभागृहात फोटो दाखवू नका, असं अध्यक्ष म्हणाले खरे, पण ते सगळ्यांचा बघून झाल्यावर. दिनकररावांचे ओठ हलत होते, माईक बंद झाला होता. मग पुढचा प्रश्न पुकारला गेला, कुठल्याशा बंदराचा.

दुकानात कुणी कुणाकडे बघेना. सुलाबाई स्टुलावरून उठली. तिच्या लेकीच्या मरणात आपला साक्षीदार म्हणून सरकारनं तिलाच उभं केलं होतं, तेही हसताना! आणि दोष कुणाचा, तर तिचा आणि सिद्धोधनचा. हरामखोरांनो, कुठे दाखवायची होती रे तिला? त्या कुलपाला?

तासाभरात दिनकररावांचा फोन आला. सिद्धोधननं उचलला, पण आवाज सगळ्या दुकानाला ऐकू येत होता.

"तोंडावर पाडलं राव तुमी मला! देशासमोर इज्जत गेली माझी. बाईला फोटोला बसायची काय गरज होती?"

सुलाबाईनं फोन हिसकावून घेतला.

"साहेब, तुमची इज्जत गेली. माझी लेक गेलीय."

दिनकरराव काही बोलायच्या आत तिनं पुढचं ऐकवलं.

"मी अडाणी, मला फसिवलं. तुमी तर शिकल्याले. कुलूप व्हतं तवा दारात उतरून एक फोटो काढला असता, तर त्या मंत्र्याच्या तोंडावर मारता आला असता. गाडीच्या काचंतून बगून सवाल इचारायला गेलता तुमी!"

"माय, चुकलं," दिनकरराव म्हणाले. आवाजातला सगळा खणखणाट गेला होता. "मंत्र्यांनी खोटी माहिती दिली म्हणून मी हक्कभंग आणतो. पण पुरावा पायजे."

"मग या हितं. अन ह्या टायमाला खाली उतरा."

दुसऱ्या दिवशी खासदारांच्या आधी टेम्पो आला. प्रश्न संपला होता, त्यामुळे पलंगांचंही काम संपलं होतं. तालुक्याचे साहेब बाहेर फोनवर हसत बोलत होते. हमालांनी पडदे काढले, औषधांची खोकी बाहेर आणली. तेवढ्यात सुलाबाई आत शिरली आणि पलंगावर बसली. सिद्धोधन मोबाईल चालू करून दारात उभा राहिला.

"मावशी, उठा," साहेब आत येऊन म्हणाले. "दुसऱ्या दवाखान्याचे पलंग आहेत, परत न्यायचेत."

"हा दवाखाना चालू हाय. मंत्री म्हनलेत दिल्लीत. मग पलंग कुठं न्यायलाव?"

"अहो, ते वेगळं."

"काय येगळं? मंत्री खोटं बोलले का?"

साहेबांनी मोबाईलकडे पाहिलं आणि सिद्धोधनला तो बंद करायला खुणावलं.

"खोटं बोलले म्हनून ह्या मोबाईलफुडं सांगा, मी आत्ता उठते. न्हाईतर डाक्टर बलवा. दोन्हीतलं एक करा."

हमाल हातातलं ओझं खाली ठेवून मजा बघायला लागले. भिंतीला टेकून उभी असलेली शिवकन्या रडवेली झाली होती. "काकू, मला वरून सांगितलं व्हतं, तसं मी केलं," ती पुटपुटली.

"ठावं हाय. आता तुझं तू ठरव, कुणाकडची हाईस."

शिवकन्या क्षणभर साहेबांकडे बघत राहिली. त्यांनी डोळे वटारले. मग ती आली आणि दुसऱ्या पलंगावर बसली. त्या दिवशी रांगोळ्या काढलेल्या पोरी, फरशी धुतलेल्या बाया, सगळ्या दाराशी गोळा झाल्या होत्या. त्याही एकेक करून आत यायला लागल्या. पलंग पुरेनात, तशा खाली फरशीवर बसल्या.

साहेब बाहेर गेले, कुणाला तरी फोन लावला. मग दुसऱ्या कुणाला. हो सर, नाही सर, चालू आहे म्हणून तर सर, असं तुटक तुटक ऐकू येत होतं. परत आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि आवाज चढला होता.

"पोलिसांना बोलवावं लागेल! आजारी नसताना दवाखान्यात बसता? तुम्हाला झालंय तरी काय?"

सुलाबाई हसली नाही. रडलीही नाही.

"लेक मेलीय माझी," ती म्हणाली. "हितं डाक्टर नव्हता म्हनून मेलीय. काढा केसपेपर आन तसं लिवा."