बिननावाच्या काचपट्ट्या

लॅबमध्ये माझ्या तोंडाला सगळे टरकून असतात. काचपट्टीवर नाव न घालता कुणी नमुना ठेवला की मी त्याची खरडपट्टी काढते, मग तो नवशिका असो नाहीतर साहेब. आमच्या धंद्यात बिननावाची काचपट्टी म्हणजे पाप. त्या रविवारी ते पाप माझ्याच हातून घडलं.

भाचीला शाळेत पेशीचा धडा लागला होता. अणू जोडून रेणू, रेणू जुळून पेशी, पेशींचा माणूस, सगळं पोपटासारखं पाठ. पण "खरी पेशी बघायचीय, आत्या" म्हणून तिनं माझं डोकं खाल्लं. सुट्टीला लॅब रिकामी असते, म्हणून लॅबप्रमुख मॅडमची परवानगी काढली आणि तिला घेऊन आले. सोबत वहिनीही आली.

ही वहिनी म्हणजे दादाची दुसरी बायको. पहिली गेली तेव्हा पोरगी लहान होती. ही बुटांच्या दुकानात काम करते, स्वभावानं अगदी गरीब गाय. घरात येऊन दोन वर्षं झाली, पण पोरगी तिला कशानेच हाक मारत नाही. काम पडलं की नुसतं "ऐका ना". वहिनी मला एकदाच म्हणाली होती, "मागून मिळणारी गोष्ट नाही ती. पण जीव तुटतो हो." मला तर पोरीचा कान पिळावासा वाटायचा. दादा म्हणायचा, तू मध्ये पडू नकोस.

"बोल, कोणाच्या पेशी बघायच्या?" मी विचारलं.

"माझ्या. आणि ह्यांच्या. वेगळ्या असतील ना? माझ्या तर माझ्या आईकडून आल्यात."

वहिनीनं मान खाली घातली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण जीभ आवरली. कापसाच्या काडीनं दोघींच्या गालाची आतली बाजू खरवडली, निघालेलं वेगवेगळ्या काचपट्ट्यांवर पाण्याच्या थेंबात पसरलं, वर निळा रंग टाकला आणि पातळ काच ठेवली. रागाच्या भरात नावं घालायची राहिली. तेवढ्यात वहिनीनं सांडलेला रंग पुसायला दोन्ही पट्ट्या उचलल्या, ट्रे लख्ख केला आणि दुकानातल्या सवयीनं त्या जोडीनं मांडून ठेवल्या.

"अगं बाई! डावीकडची कुणाची होती?"

वहिनीचा चेहरा पडला. "मी नाही हो पाहिलं."

"असू दे," भाची तोऱ्यात म्हणाली. "माझ्या मी ओळखते."

तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पहिली पट्टी बघितली, दुसरी बघितली, परत पहिली. दोन्हीकडे वेड्यावाकड्या कडांच्या चपट्या पेशी, आणि प्रत्येकीत केंद्रकाचा गडद ठिपका.

"आत्या, सारख्याच दिसतात गं."

"मलाही नाही सांगता येणार. इतकी वर्षं हेच करतेय तरी."

"पण डीएनए वेगळा असतो. पुस्तकात आहे."

"असतो. तुझा तुझ्या आईकडून आणि बाबांकडून आलाय, तो कुणी काढून घेत नाही. पण तो असा वरवर बघून कळत नाही."

"म्हणजे ह्या पेशी मी जन्मले तेव्हापासूनच्या?"

"छे! गालाच्या पेशी सारख्या झडतात. नव्या बनतात."

"कशाच्या?"

"रेणूंच्या. धडा पाठ आहे ना?"

"हो, पण ते रेणू येतात कुठून?"

"जेवणातून. आणखी कुठून येणार, आभाळातून?"

पोरगी जीभ गालाच्या आतून फिरवत बसली. रोज सकाळी उठून तुझा डबा कोण भरतं गं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिचा चेहरा बघितला आणि गिळून टाकलं. तिचं तिला कळत होतं.

मग ती स्टुलावरून उतरली आणि तिनं वहिनीची बाही ओढली.

"आई, तू बस ना इथे. ह्यातलं सगळं सामान तुझ्या हातचं आहे. बघ तरी."

वहिनी बसली. डोळा लावला आणि लावूनच राहिली.

"काय दिसतंय?" पोरीनं विचारलं.

"काहीच नाही गं. सगळं पाणीच पाणी."

भिंग खराब होईल म्हणून मी ओरडणार होते. पण मला तरी कुठे धड दिसत होतं?