दोनदा दाखवलेला डावा पाय

माझी मुलगी लग्न होऊन डोंगरापलीकडे नांदायला गेली, त्या वर्षीची ही गोष्ट. निरोपाच्या वेळी सगळे डोळे पुसत होते. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी बोलून गेलो, "रडतेस कशाला? मी चालत येईन तुझ्याकडे."

ती रडता रडता हसली. "बाबा, घरापासून दुकानापर्यंत जाताना तुम्ही मध्ये एकदा बसता!"

पाहुणे खो खो हसले. मीही हसलो, पण ते मनाला लागलं. आता चालत जाऊन दाखवल्याशिवाय तिच्या दारात पाऊल ठेवायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

माझं जोडे शिवायचं दुकान. डोंगर चढणाऱ्यांच्या बुटांना चाळीस वर्षं मी तळ लावले, पण स्वतः कधी डोंगर चढलो नव्हतो. बस डोंगराला वळसा घालून जायची. पायवाटेने तीन दिवस लागायचे. त्या वाटेने दर वर्षी आठ-दहा जणांना घेऊन जायच्या टपालबाई. तीस वर्षं दारोदार टपाल वाटून त्या निवृत्त झाल्या होत्या, तरी त्यांचे पाय काही निवृत्त होत नव्हते.

त्यांचा एक नियम होता. दर तासाला सगळ्यांनी बसायचं, बूट-मोजे काढायचे आणि दोन्ही पाय आपल्या जोडीदाराला दाखवायचे. "स्वतःच्या पायांबद्दल माणूस सख्ख्या बायकोशीही खोटं बोलतो," त्या म्हणायच्या. पहिल्या मुक्कामाला सकाळी सामानाची गाडी यायची. ज्याचा पाय बिघडला असेल, त्याला त्या गाडीतून घरी पाठवायचं.

मी त्यांच्याकडे नाव नोंदवलं. माझे जोडीदार म्हणजे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं शिंप्याचं दुकान माझ्या दुकानाला लागूनच होतं. टपालबाईंनी सूचनांचा एक कागद दिला होता. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, म्हणून दाजी वाचून दाखवत होते.

"नखं सरळ कापावीत, कोपरे कोरू नयेत. आत पातळ मोजा घालावा, वरून जाड. मोजे ओले झाले की लगेच बदलावेत. नवे बूट..."

"दाजी, जोड्यांचं मला नका सांगू. पुढचं वाचा."

दाजी बिचारे पुढचं वाचायला लागले.

मुलीच्या सासरी जुने बूट घालून कसं जायचं? निघायच्या आदल्या संध्याकाळी मी स्वतःसाठी शिवलेले नवे बूट पुरे झाले. चामडं उत्तम, शिवण दुहेरी. दाजींनी शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "उस्ताद, शिंप्याला लाजवलंत."

वाटेला लागल्यावर दुसऱ्या तासाला उजवी टाच गरम लागायला लागली. तिसऱ्या थांब्यापर्यंत तिथे फोड आला होता. मी दाजींना डावा पाय दाखवला, त्यावर मोजा चढवला, पाठ वळवून जरा खुडबुड केली आणि पुन्हा डावाच पाय पुढे केला.

"छान," दाजी म्हणाले. "हाही छान."

चौथ्या थांब्याला तेच. पाचव्याला मात्र दाजींनी चष्मा नाकावर चढवला.

"उस्ताद, तुमच्या पायाच्या अंगठ्यावर चामड्याला भोकं पाडायची आरी लागल्याची खूण आहे."

"आहे. जुनी आहे."

"दोन्ही अंगठ्यांवर?"

"दोनदा लागली."

"आणि दोन्ही पाय डावे?"

मी हात जोडले. "दाजी, कुणाला बोलू नका. तुम्हाला ताईची शपथ!"

"तुमच्या ताईच्या शपथा मी लग्नापासून मोडतोय," ते म्हणाले. पण गप्प बसले.

मुक्कामाच्या ठिकाणी पोचलो तेव्हा उजेड होता. टपालबाई सरळ माझ्यापुढे येऊन बसल्या. "लंगडताय. उजवा काढा."

कोटाच्या बटणाएवढा फोड होता. त्यांनी पाय पाहिला, मग बुटात हात घालून टाचेमागची जागा चाचपली. "आतली शिवण नेमकी टाचेवर आलीय. कुणी शिवला हा बूट?"

मी मोज्याच्या घड्या घालत बसलो. दाजी म्हणाले, "आमच्याकडे एक नावाजलेला कारागीर आहे."

"त्याला म्हणावं, आधी महिनाभर स्वतः घालून बघ."

"सांगतो. पण तो ऐकत नाही कुणाचं."

सगळे हसून लोळले. हसू ओसरल्यावर टपालबाई म्हणाल्या, "सकाळी गाडी येईल. तिच्यातून परत जायचं."

"बाई, मुलीला काय तोंड दाखवू?" मी म्हणालो.

त्यांनी बूट माझ्यापुढे ठेवला. "मग बूट कापायला लागेल. सकाळी पाय बघून ठरवू."

जोडे शिवणारा माणूस चामडं कापायच्या रापीशिवाय घराबाहेर पडत नाही. ती मी पिशवीतून काढली. आपल्या हाताने पुरा केलेला जोडा मी कधी कापला नव्हता. बुटाची टाचेमागची बाजू मी शिवणीसकट पार खालपर्यंत उतरवली. लहान मुलाला सुई टोचताना आईबाप मान फिरवतात, तशी दाजींनी मान फिरवली.

टपालबाईंनी सुई ज्योतीवर तापवून निववली, फोडाच्या कडेला टोचून पाणी काढलं आणि वरची कातडी तशीच राहू दिली. दाजींनी तोवर स्वतःच्या कोटाचा खांदा उसवला होता. आतली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, गादी काढून त्यांनी तिचं गोल कडं कातरलं आणि फोडाभोवती बसवलं. दुसऱ्या दिवसापासून ते एका खांद्याने उतरलेले दिसत होते आणि विचारणाऱ्याला सांगत होते, "नवी फॅशन आहे!"

सकाळी टपालबाईंनी टाच दाबली. "दुखतंय?"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. "दुखतंय," मी म्हणालो. "पण कालच्यापेक्षा कमी."

"आता खरं बोललात. चला."

त्यानंतर दर थांब्याला मी उजवा पाय आधी काढायचो, तोही सगळ्यांसमोर. तिसऱ्या दिवशी दुपारी डोंगर उतरलो. मुलगी अंगणात कपडे वाळत घालत होती.

"अगं बाई! बस आज लवकर आली?"

मी पाय वर करून तो कापलेला बूट दाखवला. तिने टाच पाहिली, धुळीने माखलेल्या पोटऱ्या पाहिल्या, आणि हातातला ओला सदरा तसाच टाकून सासूबाईंना ओरडून हाक मारली, "आई, बाहेर या! माझे बाबा चालत आले!" अख्ख्या गल्लीच्या खिडक्या उघडल्या. तिने कोमट पाण्याचं घमेलं आणलं आणि माझे मोजे स्वतःच्या हाताने उतरवले. दाजींनीही लगेच त्याच घमेल्यात पाय घातले. विहीणबाई हसून म्हणाल्या, "पाणी दोनदा बदलायला लागणार!" इतका आनंद मला मुलीच्या लग्नातही झाला नव्हता.

त्यानंतर सात वर्षं आम्ही दोघं त्याच वाटेने तिच्याकडे गेलो. माझी नात शाळेत जायला लागली त्या वर्षी, थंडीच्या सुरुवातीला, एका मंगळवारी सकाळी दाजी वारले. आता थांब्याला पाय दाखवायचा तर कुणाला?