रामाचं नाव

सुप्रभाताईंनी टॅबलेट अरुणाच्या पुढ्यात सरकवला.

"हा बघा बंगला. मॉरिशसच्या जुन्या साखरमालकाचा, आता रिसॉर्ट आहे. आमच्या मालविकाचं न् तुमच्या परीक्षितचं लग्न इथंच करायचं. किती रोमँटिक ना!"

अरुणानं फोटो मोठा करून पाहिला. तिचं माहेर-सासर दोन्ही मॉरिशसचं. नर्स म्हणून इंग्लंडला आली आणि इथलीच झाली. बंगला तिनं ओळखला. तिच्या नवऱ्याचे, उदयचे, पणजोबा कोकणातून करारावर नेलेले मजूर. जन्मभर याच मालकाचा ऊस तोडला, पण या पायऱ्या चढायची त्यांना मुभा नव्हती. आता तिथं आपला परीक्षित वाजतगाजत चढेल, म्हणून तिला बरंच वाटलं.

"फक्त एक," सुप्रभाताई म्हणाल्या. "लग्नाच्या बोर्डावर तुमचं आडनाव 'रामा' नको. 'रमाणी' करूया का? राग मानू नका हं, पण आमच्या मुंबईत घरगड्यालाच रामा म्हणायचे. 'रामा, पाणी आण!' नातेवाईक हसतील हो."

आणि आधी स्वतःच हसल्या. अर्धं आयुष्य लंडनच्या स्टॅनमोरमध्ये काढलं, पण बाईंच्या डोक्यातला गडी काही गेला नव्हता!

अरुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं परीक्षितकडे पाहिलं. पोटचा पोरगा, खाली मान घालून सुरळीची वडी उलगडत बसला होता.

"मॉम, इट्स जस्ट अ बोर्ड," तो पुटपुटला.

"बोर्ड? अरे, बंदरावर गोऱ्या कारकुनानं नाव विचारलं, बाबांच्या पणजोबांनी 'रामा' सांगितलं. तेच आडनाव झालं. गाव गेलं, माणसं गेली, एवढंच उरलं. ते तू पुसतोस? लाज वाटत नाही?"

अरुणानं कोट चढवला आणि दार उघडलं. सुप्रभाताई ओशाळून कुंकवाचा करंडा घेऊन मागोमाग आल्या.

"अशा रागावून जाऊ नका हो. कुंकू लावते. चला, नाव घ्या बघू, विहीणबाई!"

नाव घ्या म्हणे! अरुणा उंबऱ्यातच वळली आणि शेजारपाजार ऐकेल अशा आवाजात म्हणाली,

"साहेबाचा बंगला उभा रामाच्या घामानं,
उदय रामाचं नाव घेते मानानं."

सुप्रभाताईंचं कुंकवाचं बोट तसंच राहिलं.

आईला बाजूला सारून मालविका अनवाणीच बाहेर आली.

"आंटी, परत म्हणा ना. हळू."

अरुणानं म्हटलं. मालविकाचे ओठ तिच्याबरोबर हलले.

"उदयच्या जागी परीक्षित, राइट?" ती म्हणाली. "मला हा उखाणा लग्नासाठी पाठ करायचा आहे."