विरुद्ध बाजू

अशिलाचं ऐकून घेण्याचीही स्पर्धा असते, आणि तीही आंतरराष्ट्रीय, हे बाबांना खरंच वाटेना. दोन विद्यार्थी वकील होऊन बसतात. एक नट अशील बनून येतो, अर्धी गोष्ट सांगतो, अर्धी पोटात ठेवतो. ती काढून घ्यायची, मग सल्ला द्यायचा. परीक्षक बाजूला बसून बघतात.

"म्हणजे ऐकण्याला मार्क?" बाबा म्हणाले. "मग तुझं कठीण आहे."

खोटं नव्हतं. लेक तिसरीत असल्यापासून ते तिला वकीलबाई म्हणत, कारण समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तिचं उत्तर तयार असे. देशातली फेरी ती जिंकली ती जोडीला असलेल्या मैत्रिणीच्या जिवावर. ही मैत्रीण वर्गात मूग गिळून बसे म्हणून सगळे तिला मुगीच म्हणत. परीक्षकांनी वकीलबाईला बजावलं होतं, "तुम्ही अशिलाला बोलूच देत नाही. पुढे हे खपणार नाही." पुढची फेरी परदेशात, आठवड्यावर आलेली. घरात दुसरा विषय नव्हता.

सरावाला अशील हवा म्हणून बाबांना धरलं. बाबा मोटार चालवायला शिकवत. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात देऊन, आपला पाय जादा ब्रेकवर ठेवून गप्प बसणं हा त्यांचा धंदाच. त्यांच्या हातात गोष्टीचं कार्ड दिलं: शेजाऱ्याने सामाईक भिंतीत खिडकी पाडली. बाबा बाहेर गेले आणि दार वाजवून आत आले. जेवणाच्या टेबलाचं ऑफिस झालं होतं.

"बसा. काय अडचण आहे?" वकीलबाईने विचारलं.

"एक गृहस्थ आहेत," बाबा म्हणाले. "बायको जाऊन सहा वर्षं झाली. त्यांना पुन्हा लग्न करायचंय."

"बाबा, भिंत! कार्ड वाचलंत का तुम्ही?"

मुगीने टेबलाखालून तिला लाथ हाणली. "बोला काका."

"बाई माझ्याकडे... त्यांच्याकडे गाडी शिकायला आल्या होत्या. तीनदा टेस्टला नापास झाल्या. चौथ्यांदा पास झाल्या, तेव्हा गृहस्थांना वाईट वाटलं." बाबा घोटभर पाणी प्यायले. "तर घर आधी मुलीच्या नावावर करून टाकावं का? म्हणजे तिला धास्ती राहणार नाही."

मृत्युपत्र, बक्षीसपत्र, वारसाहक्क, सगळं वकीलबाईच्या जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं. तिचं डोकंच फिरलं. आईच्या जागी कोणीतरी, आणि हे कळायचं ते असं, मुगीच्या देखत! पण वकिलीतला पहिला धडा तिला पाठ होता. ज्या प्रकरणात आपलं बरंवाईट गुंतलंय, त्यात सल्ला द्यायचा नाही, सरळ उठायचं. ती उठली.

"हे प्रकरण मला घेता येणार नाही. विरुद्ध बाजू मीच आहे."

"विरुद्ध?" बाबांचं तोंड एवढंसं झालं.

तरातरा खोलीत निघून जायचं तिच्या मनात होतं. ते तोंड बघून पाय निघेना. ती टेबलाला वळसा घालून बाबांच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

समोर एकटी उरलेली मुगी सावकाश म्हणाली, "काका, मुलगी नको म्हणाली तर?"

"तर नाही. विषय संपला."

किती चटकन म्हणाले! यात रुसवा नव्हता, धमकी नव्हती. वकीलबाई त्यांना ओळखून होती. तिने एकदा नकारार्थी मान हलवली की बाबा पुन्हा त्याबद्दल चकार शब्द काढणार नाहीत, आणि जन्मभर हसून वागतील. एवढ्या सोप्या विजयाची तिला भीतीच वाटली.

"मुलीचं राहू द्या," मुगी म्हणाली. "तुम्हाला काय हवंय?"

याचंही उत्तर वकीलबाईकडे तयार होतं. तिने ओठ घट्ट मिटले. बाबांना वेळ लागला. नखाने ते टेबलावरचा डाग खरवडत राहिले. मुगी थांबली, आणि वकीलबाईही थांबली.

"संध्याकाळी घरी आलो की दिवसभराचं सांगायला कोणीतरी हवंय," बाबा म्हणाले. "सांगायला लागलो की पुरतं ऐकणारं."

वकीलबाईला ते झोंबलं, आणि खरं असल्यामुळे जास्तच झोंबलं. डोळे पुसून तिने बाबांचा हात धरला.

"मुलीला राग आलाय. महिनाभर ती त्या बाईंशी धड बोलायची नाही, रडेलसुद्धा. पण निर्णय अशिलाचा असतो, बाबा. तिची परवानगी मागू नका. बोलवा त्यांना घरी."