सायलसने पक्ष बदलला

भाच्याच्या प्रचारासाठी नेस्टाने मलाइटा बेटाच्या किनाऱ्यावरचं एकही गाव सोडलं नव्हतं. होडीने जायची, चर्चबाहेर बायकांना गोळा करायची आणि सांगायची, सायलसचा पक्ष आपलं जंगल तोडू देणार नाही. मागे लाकूडतोडीच्या कंपनीने डोंगर बोडका केला होता, ओढ्याला अजून तांबडं पाणी येत होतं. बायकांनी मतं दिली. सायलस निवडून आला.

आठवडाही झाला नसेल, रेडिओवर बातमी आली. राजधानी होनिआरात सरकार जुळवायची धांदल चालली होती, आणि सायलस दुसऱ्याच पक्षात गेला होता. कंपनीला परवाने देणाऱ्यांच्याच पक्षात! नेस्टाचा विश्वास बसेना. मिळेल त्या जहाजाने ती राजधानीला निघाली.

फाटाफूट नको म्हणून त्या पक्षाने आपले खासदार एका हॉटेलात कोंडून ठेवले होते. रखवालदार तिला आत सोडेना. ती फाटकापाशी उन्हातच बसून राहिली. शेवटी सायलस बाहेर आला. आधी काहीतरी गार पी, म्हणून मागे लागला. ती जागची हलली नाही.

“मावशी, पक्ष म्हणजे नुसतं नाव असतं गं. लोकांनी मत मला दिलंय. सरकारात असलो तरच गावाला काही आणता येईल.”

“तुला कोण ओळखत होतं रे? माझ्या तोंडाकडे बघून दिली मतं. ते तोंड आता कुठे लपवू?”

त्याने घड्याळाकडे पाहिलं. तशी ती उठली.

गावी परतल्यावर तिने तोंड लपवलं नाही. पुन्हा होडी काढून ती त्याच गावांत गेली आणि घडलं ते सांगितलं. बायकांनी तिला नको नको ते सुनावलं. तिने ते ऐकून घेतलं.

काही महिन्यांनी सायलस मोटरबोटीतून आला. बरोबर छपराचे पत्रे आणि कंपनीची दोन माणसं. धक्क्यावर बायका वाट अडवून उभ्या होत्या.

“तू उतर,” नेस्टा म्हणाली. “भाचा आहेस, जेवून जा. हे दोघं उतरणार नाहीत. आणि तू गावात भाषण करायचं नाही.”

तो कसंनुसं हसला. बायका तसूभर सरकल्या नाहीत. तो एकटाच उतरला.

तिने नारळाच्या दुधातली रताळी वाढली. दोन घास झाले नाहीत तोच त्याने पत्र्यांचा विषय काढला.

“गुपचूप जेव,” ती म्हणाली. मासळीचा मोठा तुकडा मात्र तिने त्यालाच वाढला.

पत्रे आले तसे परत गेले.